थोडा वेळ, दोन हातमोजे

ऑलिम्पिकमधली मुष्टियुद्धाची एक लढत किती वेळ चालते? तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि फेऱ्यांच्या मध्ये एक-एक मिनिटाची विश्रांती. सगळी मिळून ११ मिनिटे. इफ्तारनंतर चहा उकळून कपात येईपर्यंत लढत संपलेलीही असते. मात्र त्या ११ मिनिटांमागे खेळाडूची कित्येक वर्षे उभी असतात. नांदेडच्या शेजारच्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये नवी दिल्लीत जगज्जेती झाली. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा गटाची जगज्जेती ठरली. अशा खेळाडूंचा अख्खा दिवस सरावाभोवती बांधलेला असतो. सकाळी मैदान, संध्याकाळी मैदान आणि मधल्या वेळात आहार व विश्रांती.

पण अलीकडे लहान शहरांतल्या व्यायामशाळांमध्येही लाल-निळे हातमोजे टांगलेले दिसतात आणि ते घालणाऱ्या बहुतेकांना पदक नको असते. कुणी बँकेत कामाला असतो, कुणी शाळेत शिकवते, कुणाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान असते. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडते, वजन वाढते, मनावर ताण साचतो. त्यावर उपाय म्हणून किंवा लहानपणापासूनची हौस म्हणून तिशी-चाळिशीतली माणसे या खेळाकडे वळतात. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, वेळेचा असतो. आठवड्यातून तीन दिवस, तेही पाऊण-पाऊण तास. एवढ्यात मुष्टियुद्ध येते का?

रमजान महिन्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पहाटे सहरी, दिवसभर काम, सूर्यास्ताला इफ्तार, रात्री इशा आणि तरावीहची नमाज. या सगळ्यात पाऊण तास शोधणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. वेळ थोडा असेल तर काय शिकायचे याइतकेच काय सोडायचे हेही ठरवावे लागते. हौशी मुष्टियोद्ध्याला वर्षभर हेच ठरवायचे असते.

घड्याळ खेळातच आहे

मुष्टियुद्ध हा मुळातच घड्याळाने बांधलेला खेळ आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी झुंजी होत, तेव्हा एक जण खाली पडला की फेरी संपे. फेरी कधी अर्ध्या मिनिटात आटोपे, कधी लांबत जाई. १८६७ मध्ये क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले आणि तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि हातमोजे या गोष्टी खेळात रुजल्या. आज जगभरच्या व्यायामशाळांत भिंतीवरचे घड्याळ याच हिशेबाने घंटा देते.

कमी वेळ असणाऱ्याला हा हिशेब फार उपयोगी पडतो. ४५ मिनिटांचे गणित मांडून पाहा. सुरुवातीची आठ मिनिटे मान, खांदे, कंबर, गुडघे आणि घोटे मोकळे करण्यात जातात. मग तीन मिनिटांच्या आठ फेऱ्या आणि मधल्या सात विश्रांती, म्हणजे ३१ मिनिटे. उरलेल्या सहा मिनिटांत शरीर शांत करायचे. प्रत्यक्ष काम २४ मिनिटांचे. या आठ फेऱ्यांपैकी दोन दोरीवरच्या उड्यांना, दोन आरशासमोर हवेत ठोसे मारत करायच्या शॅडो बॉक्सिंगला, दोन बॅगेवर, एक प्रशिक्षकाने धरलेल्या पॅडवर आणि शेवटची जोडीदाराबरोबर फक्त बचावाची. चोवीस मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पण मोबाइल बाजूला ठेवून, घंटेवर चालू आणि घंटेवर बंद अशी केली, तर तिसऱ्या फेरीतच घामाने बनियन भिजते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. तीन दिवसांचे पाऊण-पाऊण तास मिळून १३५ मिनिटे होतात. त्यातल्या फेऱ्यांची ७२ मिनिटे जोरकस मानली आणि बाकीची मध्यम, तर आरोग्यापुरता हिशेब पूर्ण होतो. प्रश्न उरतो तो खेळ शिकण्याचा.

आधी पाय, मग हात

कुस्तीच्या तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाहीत. जोर, बैठका आणि आखाड्याची माती खणणे यातच सुरुवातीचे दिवस जातात. मुष्टियुद्धातही क्रम असाच आहे, फक्त येथे सुरुवात पावलांपासून होते. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे, उजवा मागे, मागच्या पायाची टाच किंचित उचललेली. गुडघे सैल, कोपरे बरगड्यांजवळ, हनुवटी खाली आणि दोन्ही मुठी गालांच्या उंचीवर. या ठाणात उभे राहून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकायचे, पण पाय एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. एवढे जमायलाच हौशी माणसाचा महिना जातो. तो महिना वाया गेला असे वाटते, पण तसे नसते. ठोशाची ताकद दंडातून कमी आणि जमिनीवर रोवलेल्या पायातून, वळलेल्या कमरेतून जास्त येते.

ठोसे तसे मोजकेच. पुढच्या हाताचा सरळ जॅब, मागच्या हाताचा सरळ क्रॉस, बाजूने येणारा हुक आणि खालून वर जाणारा अपरकट. व्यायामशाळेत आलेल्या तरुणाला पहिल्या आठवड्यात चारही हवे असतात, त्यातही हुक जास्त, कारण चित्रपटात तोच दिसतो. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याने मात्र दोनच धरावेत. जॅब आणि क्रॉस. त्यातही जॅब अधिक. अंतर मोजणे, समोरच्याला लांब ठेवणे आणि स्वतःचा तोल राखणे या तिन्ही गोष्टी तो एकटा शिकवतो. एका फेरीत शंभर वेडेवाकडे ठोसे मारण्यापेक्षा तीस नीट मारून प्रत्येक वेळी हात गालाजवळ परत आणला, तर शिकणे लवकर होते. मारलेला हात परत यायला उशीर झाला की चेहरा उघडा पडतो, हे प्रशिक्षक दिवसातून वीस वेळा सांगतात.

साहित्यात एका बाबतीत काटकसर करू नये. हाताला गुंडाळायची पट्टी प्रौढांसाठी साधारण साडेचार मीटर लांब असते. मनगट, तळहात आणि बोटांची मुळे तिने बांधायला तीन-चार मिनिटे लागतात. घाईत असलेला माणूस नेमके तेच टाळतो. करंगळीच्या मुळाशी तळहाताचे हाड असते. ते मोडले की डॉक्टर त्याला बॉक्सरचे फ्रॅक्चर म्हणतात, पण ते सरावलेल्या मुष्टियोद्ध्यांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर, दारावर मूठ आपटणाऱ्यांत जास्त दिसते. मूठ आवळताना अंगठा बाहेर हवा, मनगट सरळ हवे आणि मार तर्जनी व मधल्या बोटाच्या गाठींवर पडायला हवा. या तीन गोष्टी शिकायला पाच मिनिटे लागतात. न शिकल्यास सहा आठवडे प्लास्टरमध्ये जाऊ शकतात.

घरातली दहा मिनिटे

शरीराला नवी हालचाल शिकवताना एकदम दोन तास घासण्यापेक्षा थोडे-थोडे आणि वारंवार केलेले जास्त टिकते. पाढे पाठ करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला हे माहीत असते. रविवारी एकदाच तासन् तास बॅग बडवणारा माणूस सोमवारी खांदे धरून बसतो आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मे विसरतो. याउलट, व्यायामशाळेच्या तीन दिवसांना घरच्या दहा-दहा मिनिटांची जोड दिली तर हालचाल अंगात मुरते.

या दहा मिनिटांना साहित्य लागत नाही. गच्ची, अंगण किंवा पलंग आणि कपाट यांमधली मोकळी जागा पुरते. एक फेरी फक्त पावलांची, एक फेरी फक्त जॅबची, मधे एक मिनिट श्वास. दोन फेऱ्यांना सात मिनिटे लागतात. उरलेल्या तीन मिनिटांत जोर-बैठका. आरसा असला तर उत्तम, कारण खाली आलेला हात माणसाला स्वतःला कळत नाही, आरशाला कळतो. घरातली लहान मुले हसतात आणि दोन दिवसांनी शेजारी उभी राहून तेच करू लागतात.

रोजा आणि सराव

महाराष्ट्रात रोजाची लांबी ऋतूप्रमाणे बदलते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. थंडीत रोजा साडेबारा तासांच्या आत आटोपतो, ऐन उन्हाळ्यात तो साडेचौदा तासांपर्यंत जातो. या काळात अन्नाबरोबर पाणीही वर्ज्य असते. त्यामुळे सरावाचा विचार करताना भुकेपेक्षा तहानेचा विचार आधी करावा लागतो.

मग वेळ कोणती? इफ्तारच्या आधीचा अर्धा तास अनेकांना सोयीचा वाटतो, कारण सराव संपताच पाणी मिळते. पण त्या वेळी शरीरातले पाणी दिवसभरातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असते. तेव्हा पावले, आरसा, हलके ताण यांपलीकडे जाऊ नये. घाम निथळेपर्यंत बॅग मारणे या वेळी शहाणपणाचे नाही. इफ्तार आणि मगरिबच्या नमाजनंतर इशापर्यंत साधारण सव्वा तास असतो. खजूर, पाणी आणि हलके खाणे यांवर थांबलेल्याला त्यात अर्ध्या तासाचा सराव बसवता येतो. भजी, समोशांनी पोट भरलेल्याला नाही. तिसरी वेळ तरावीहनंतरची. तेव्हा अंगात पाणी असते, पण झोप कमी होते आणि सहरीला पुन्हा उठायचे असते. झोप तोडून केलेला सराव फार दिवस चालत नाही.

म्हणून रमजानमध्ये तीनचे दोन दिवस करावेत, आठच्या पाच फेऱ्या कराव्यात आणि कमावलेले टिकवण्यावर समाधान मानावे. सहरीत खारट व तळलेले कमी, अंडी, दही, पोळी, फळे जास्त, आणि इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे-थोडे करून प्यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा आणि व्यायाम यांची सांगड घालू नये. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सराव तिथेच थांबवावा. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर धरण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. २०१२ चे लंडन ऑलिम्पिक रमजानमध्येच आले होते. तेव्हा अनेक मुस्लिम खेळाडूंनी या सवलतीचा आधार घेऊन रोजे पुढे ढकलले, तर काहींनी रोजे ठेवूनही स्पर्धा केल्या. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरून व्यायामशाळेत येणाऱ्यांनाही हा सल्ला लागू पडतो. ताकद वाढवण्याचे महिने वेगळे आणि सांभाळण्याचे वेगळे.

चेहरा सोडून

आता राहिला तो मुद्दा, ज्यावर घरोघरी वाद होतात. खेळ म्हणजे समोरच्याला मारणे आणि त्याच्याकडून मार खाणे. व्यायामशाळेत याच्या सरावाला स्पारिंग म्हणतात. दोन-तीन महिने बॅग मारली की तरुणाला वाटते, आता समोर माणूस हवा. मित्र व्हिडिओ काढायला तयारच असतात.

इस्लामी परंपरेत झुंजताना चेहऱ्यावर मारू नये, अशी प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. त्याच आधारावर अनेक उलेमा मुष्टियुद्धाच्या लढतींवर आक्षेप घेतात. आधुनिक वैद्यकशास्त्रातही असाच सूर आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९८० च्या दशकापासून मुष्टियुद्धावर बंदीची मागणी केली, ती मेंदूला होणाऱ्या इजेमुळे. कवटीत मेंदू पक्का बसवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की तो आतल्या आत हलतो. डोक्यावरच्या संरक्षक टोपीने कातडी फाटणे कमी होते, पण मेंदूचे हे हलणे थांबत नाही. एका ठोशाने माणूस बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झाले नाही, असे नसते. छोटे-छोटे मार वर्षानुवर्षे साचत जातात.

जगातला सर्वांत लाडका मुष्टियोद्धा मुहम्मद अली. १९५४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात त्याची सायकल चोरीला गेली. चोराला धडा शिकवायचा म्हणून तो तक्रार घेऊन एका पोलिसाकडे गेला. तो पोलिस मुलांना मुष्टियुद्ध शिकवत असे. आधी लढायला शीक, असे त्याने सुचवले. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, तो मुलगा रोमला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले आणि विजेसारखे चालणारे ते हात पुढे थरथरताना जगाने पाहिले. त्याचा आजार नेमका ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद राहिले. पण त्याने कारकिर्दीच्या अखेरीस डोक्यावर खूप मार खाल्ला, याबद्दल मतभेद नाहीत.

स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंसाठी याचे नियम आहेत. डोक्यावरच्या माराने लढत थांबवावी लागली, तर खेळाडूला किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद. पुन्हा तसे घडले तर बंदी आणखी लांबते. रिंगजवळ डॉक्टर असतो. हौशी माणसासाठी यातले काहीच नसते. ना डॉक्टर, ना नोंद, ना कुणी सक्तीने घरी बसवणारे. त्याच्याकडे बचावाचा सरावही कमी असतो, कारण मुळात वेळच कमी असतो. आठवड्याला तीन तासांपेक्षाही कमी सराव करून डोक्यावर मार घेणे हा या खेळातला सर्वांत तोट्याचा व्यवहार आहे. दुसऱ्या दिवशी त्याच डोक्याने बँकेत रोकड मोजायची असते, वर्गात गणित शिकवायचे असते, रात्री मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो.

येथे हौशी माणसाच्या हातात मोठी सवलत आहे. त्याला कुणाला काही सिद्ध करायचे नसल्याने तो डोके वगळून हा खेळ शिकू शकतो. खांद्याला नुसता स्पर्श करून गुण घ्यायचा खेळ, छातीखाली हलक्या हाताने मारायचा सराव, एकाने फक्त जॅब टाकायचा आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचा अशी फेरी. यात डोळा तयार होतो, पाय तयार होतात, भीती जाते आणि घरी परतताना डोके शाबूत असते. रोजा असताना, अंगात पाणी कमी असताना तर स्पारिंगचा विचारही करू नये. आणि कधी अपघाताने डोक्याला मार बसलाच, तर त्या दिवशी सराव बंद. डोके दुखत राहिले, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ दिसला तर तडक दवाखाना.

घरातल्या वेळेचा हिशेब

थोड्या वेळाची गोष्ट करताना एक वेळ नेहमी नजरेआड राहते, ती घरातल्या बाईची. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी तीच उठते, इफ्तारच्या तासभर आधी कढईसमोर तीच उभी असते. नवऱ्याला पाऊण तास मिळतो तो अनेकदा तिच्या वाट्यातून आलेला असतो. निखत किंवा अल्फिया यांचे फोटो वर्तमानपत्रात आले की घराघरांत कौतुक होते. पण आपल्याच घरातल्या मुलीने किंवा सुनेने हातमोजे मागितले तर पहिला प्रश्न येतो, वेळ कुठे आहे? कपड्यांची अडचण आता नियमांतही उरलेली नाही. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी हिजाब आणि अंगभर पोशाख घालून लढण्यास परवानगी दिली आहे. वेळेची अडचण मात्र घरातच सुटते. फळे कापणे, सरबत करणे, दस्तरखान अंथरणे, भांडी घासणे ही कामे वाटून घेतली तर तिचाही अर्धा तास निघतो.

नाव घालण्याआधी

ईदनंतर व्यायामशाळेत नाव घालण्याचा विचार असेल, तर प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत. नव्या माणसाला स्पारिंगला कधी उभे करता? डोक्याला मार बसला तर काय करता? आठवड्याला दोनच दिवस येता आले तर काय शिकवाल? पहिल्या प्रश्नाला "आल्या आल्या" असे उत्तर आले, तर फी भरण्याआधी बाहेर पडावे. दुसऱ्याला हसून उत्तर दिले, तरी बाहेर पडावे. तिसऱ्याला "आधी उभे राहायला शिकवू" असे उत्तर मिळाले, तर तो माणूस शिकवणारा आहे. त्याच्याकडे पहिला महिना पावले आणि जॅब एवढेच मिळेल, आरशात स्वतःचे रूप जरा हास्यास्पद दिसेल आणि घंटा वाजली की थांबावे लागेल. एक मिनिट श्वास घ्यायचा, पाणी प्यायचे आणि पुढच्या घंटेला पुन्हा मुठी गालाजवळ न्यायच्या.